घरचा हिशेब आणि संगणक



घरचा जमाखर्च लिहावा कीं नाहीं, हा वाद आतां उरलेला नाहीं. तो कशावर लिहावा, एवढाच प्रश्न आहे. आमच्या पिढीनें तो लाल कापडी बांधणीच्या वहींत लिहिला. आज पुष्कळ घरांत संगणक आहे, आणि हिशेबासाठीं कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें व घेतलेलें केव्हां बदलावें, असें अनेक गृहस्थ विचारतात. आजच्या भाषणांत या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

दोहोंच्याही मुळाशीं एकच गोष्ट आहे. सॉफ्टवेअरपेक्षां हिशेबाचें आयुष्य मोठें असतें. घर किंवा शेअर विकतांना भांडवली नफ्यावरील कर ठरविण्यास खरेदीची तारीख व किंमत लागते. आणि ती खरेदी वीस वर्षांपूर्वींचीही असूं शकते. तितकीं वर्षें एकच सॉफ्टवेअर चालेल, अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं.

निवडीची पहिली कसोटी हिशेबाच्या पद्धतीची. सन १४९४ मध्यें ल्यूका पाचोली या गणितज्ञ भिक्षूनें व्हेनिस येथें छापलेल्या आपल्या ग्रंथांत तेथील व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धति समजावून दिली. पैसा कोठून तरी निघतो आणि कोठें तरी पोंचतो, म्हणून प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहावा, हें तिचें मर्म. समजा, आपण बचत खात्यांतील ५०,००० रुपये मुदत ठेवींत ठेवले. एकेरी नोंदींत ही रक्कम खर्चांत पडते आणि महिना तुटीचा दिसतो. वास्तविक पैसा एका खिशांतून दुसऱ्या खिशांत गेला, एवढेंच. क्रेडिट कार्डाचा प्रकार याहून फसवा. कार्डावर ३,००० रुपयांचें कापड घेतलें, तेव्हां खर्च लिहिला. पुढील महिन्यांत कार्डाचें बिल भरलें, तेव्हां तोच खर्च पुन्हां लिहिला गेला. दुहेरी नोंदींत कार्ड हें कर्जाचें खातें असतें. बिल भरल्यानें कर्ज फिटतें, खर्च वाढत नाहीं. ज्या सॉफ्टवेअरला हा भेद कळत नाहीं, त्याचे रंगीत आलेख कितीही सुंदर असोत, तें घेऊं नये.

दुसरी कसोटी बाहेर पडण्याच्या वाटेची. मायक्रोसॉफ्ट कंपनीचें 'मनी' १९९१ सालीं निघालें. ३० जून २००९ नंतर त्याची विक्री थांबली. अमेरिकेंतील 'मिंट' ही विनामूल्य सेवा २००७ मध्यें सुरू झाली, २००९ मध्यें इंट्युइट कंपनीनें विकत घेतली, आणि मार्च २०२४ मध्यें ती बंद झाली. 'क्विकन' अद्याप चालू आहे; परंतु २०१८ च्या आवृत्तीपासून तें वर्गणीवर मिळतें. म्हणजे आपला हिशेब दुसऱ्याच्या मर्जीवर किती अवलंबून ठेवावा, हें आधींच ठरविलें पाहिजे.

यासाठीं एक सोपा प्रयोग आहे. नव्या सॉफ्टवेअरमध्यें दहा व्यवहार लिहावे आणि ते सीएसव्ही स्वरूपांत बाहेर काढून पाहावे. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनीं रकाने पाडलेला साधा मजकूर. तो वाचावयास विशिष्ट कंपनीचें सॉफ्टवेअर लागत नाहीं. तारीख, रक्कम, खातें व तपशील हे चारही रकाने शाबूत बाहेर आले, तर पुढें जावें. ग्नूकॅश हें सॉफ्टवेअर या दोन्ही कसोट्यांस उतरतें. तें विनामूल्य आहे, दुहेरी नोंद पाळतें, आज विंडोज, मॅक व लिनक्स या तिहींवर चालतें, आणि बँकेकडून मिळालेली सीएसव्ही फाईल आंत घेतें. मात्र जमा व नांवें यांची ओळख नसलेल्यास पहिले कांहीं दिवस तें कठीण वाटतें.

आतां दुसरा प्रश्न. कांहीं वर्षांपूर्वीं एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आल्याचें पाहतांच मीं ती त्याच रात्रीं बसविली. तिनें माझी फाईल उघडली आणि तिचें स्वरूप बदललें. मुदत ठेवींच्या व्याजाच्या नोंदी दोनदां दिसूं लागल्या, आणि बदललेली फाईल जुनी आवृत्ती उघडीना. प्रत ठेवलेली नव्हती. सात वर्षांचा हिशेब पासबुकांवरून पुन्हां लिहावयास सबंध पावसाळा लागला. दोष सॉफ्टवेअरचा होताच. पण 'ताळा पाहिल्यावांचून उत्तर लिहूं नका' असें वर्गांत जन्मभर सांगणाऱ्या मास्तरांचाही होता.

तेव्हांपासून मी पुढील क्रम पाळतों. जुनी आवृत्ती संगणकावर चालेनाशी झाली, किंवा तिला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या, तरच नवी घ्यावी. मुहूर्त एप्रिलचा बरा. कारण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलेलें असतें. प्रथम प्रत्येक खात्याची त्या दिवसाची शिल्लक कागदावर उतरावी. फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो संगणकापासून वेगळा काढावा. नवी आवृत्ती दुसऱ्या प्रतीवर चालवावी आणि प्रत्येक शिल्लक कागदाशीं ताडून पाहावी. एका रुपयाचा फरक आला तरी त्याचें कारण शोधावें. दोन मोठ्या चुका एकमेकींस झांकून लहानसा फरक दाखवूं शकतात. तीन महिने मेळ बसला, म्हणजे जुनी आवृत्ती काढून टाकावी. जुनी प्रत मात्र जपून ठेवावी.

शेवटीं एक गोष्ट. घरांत हिशेब बहुधा एकच माणूस लिहितो, आणि फाईलचा संकेतशब्दही त्यालाच ठाऊक असतो. तो अंथरुणास खिळला किंवा गेला, तर कोणत्या बँकेंत कोणती ठेव आहे, हें मागें राहिलेल्यांस दुःखाच्या दिवसांत कपाटें धुंडाळून शोधावें लागतें. म्हणून दर एप्रिलांत खात्यांची यादी छापून कपाटांत ठेवावी. आणि पत्नी, मुलगा किंवा सून, कोणास तरी जवळ बसवून फाईल उघडावयास सांगावें. आपल्या मदतीवांचून त्यांस ती उघडतां आली व वाचतां आली, म्हणजे आपली निवड योग्य झाली असें समजावें.