आफ्रिकेच्या प्रवासास निघताना

मी शिक्षक होतो त्या काळची गोष्ट. एका विद्यार्थ्याने निबंधाच्या वहीत लिहिले होते, 'आफ्रिका हा फार उष्ण व जंगलांनी भरलेला देश आहे.' मी 'देश' हा शब्द खोडला, त्यावर लाल शाईने 'खंड' असे लिहिले आणि वही परत दिली. चूक दुरुस्त झाली, असे मला वाटले. पुढे सेवानिवृत्त झाल्यावर मला पूर्व आफ्रिकेत जाण्याचा योग आला. तेव्हा कळले, की त्या वाक्यातील एकच चूक मी पाहिली होती. बाकीच्या चुका जशा विद्यार्थ्याच्या होत्या, तशाच माझ्याही होत्या.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी ना कोणी मोठेपणी शिक्षणासाठी, व्यापारासाठी किंवा केवळ देशाटनासाठी त्या खंडात जाईल. तेथे जाताना काय ध्यानात ठेवावे, ते आज पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे त्या खंडाचा विस्तार. आफ्रिकेचे क्षेत्रफळ सुमारे 3 कोटी चौरस किलोमीटर आहे. आपल्या भारतासारखे नऊ देश त्यात सहज मावतील. संयुक्त राष्ट्रसंघाचे 54 सभासद देश या एका खंडात आहेत. उत्तरेकडील कैरोपासून दक्षिणेकडील केप टाउनपर्यंतचे अंतर 7,000 किलोमीटरांहून अधिक भरते. तेव्हा 'मी आफ्रिकेला जाणार' एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या देशात, कोणत्या भागात आणि कोणत्या महिन्यात, हे आधी ठरवावे लागते.

महिना का ठरवावा? विषुववृत्त या खंडाच्या जवळजवळ मध्यातून जाते. त्यामुळे जून-जुलैमध्ये कैरोत कडक उन्हाळा असतो, तर त्याच वेळी केप टाउनमध्ये थंडी व पाऊस असतो. शिवाय केवळ नकाशा पाहून हवामान ओळखता येत नाही. नैरोबी हे शहर विषुववृत्तापासून फार दूर नाही. पण ते समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही उंच वसले आहे. तेथे संध्याकाळी मला लोकरीचा सदरा शोधावा लागला! सहारा वाळवंटात दिवसा अंग भाजते आणि रात्री हुडहुडी भरते. 5,895 मीटर उंचीच्या किलिमांजारो पर्वताचे शिखर तर बर्फ अंगावर बाळगून आहे. म्हणून सामानात सुती कपड्यांबरोबर एक उबदार वस्त्र अवश्य असावे. जंगलात जाताना गडद निळे व काळे कपडे मात्र टाळावेत. 'त्सेत्से' नावाची चावरी माशी त्या रंगांकडे आकर्षित होते.

दुसरी गोष्ट आरोग्याची. पारपत्र आणि त्या त्या देशाचा प्रवेश-परवाना यांच्या जोडीला अनेक देशांसाठी पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा दाखला लागतो. ही लस निघण्यापूर्वी निदान दहा दिवस टोचून घ्यावी. कारण तेवढ्या अवधीनंतरच दाखला ग्राह्य धरतात. पीतज्वर असलेल्या देशांतून या दाखल्याविना परत येणाऱ्या प्रवाशास भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. हा रोग आपल्या देशात शिरू नये, यासाठी ही काळजी आहे. हिवतापाविषयी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा व रात्री मच्छरदाणीत झोपावे. पाणी उकळलेले प्यावे. कापडी पिशवी जवळ ठेवावी. रवांडा, केनिया व टांझानिया या देशांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांना कायद्याने बंदी आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. या खंडात सुमारे 2,000 भाषा बोलल्या जातात. त्या साऱ्या कोणास येणार? परंतु जेथे जायचे, तेथील चार शब्द तरी शिकून जावेत. केनिया व टांझानिया येथे स्वाहिली भाषा चालते. या भाषेत पुस्तकाला 'किताबू', जगाला 'दुनिया', दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी' व पैशाला 'पेसा' म्हणतात. ऐकून नवल वाटले ना? शेकडो वर्षे मोसमी वाऱ्यांच्या बळावर भारत, अरबस्तान व पूर्व आफ्रिका यांमध्ये शिडाची गलबते ये-जा करीत होती. मालाबरोबर शब्दांनीही प्रवास केला. मोबाइलवरून पैसे देण्याची 'एम-पेसा' ही पद्धत केनियात 2007 सालीच सुरू झाली आणि तेथील भाजीवालीही ती सहज वापरते.

शब्द शिकावेत; पण शब्द आले म्हणजे सारे आले, असे समजू नये. याचा धडा मला टांझानियातील एका लहान गावी मिळाला. मी स्वाहिली अंक पाठ केले होते व मला त्याचा थोडा अभिमानही झाला होता. बस केव्हा सुटेल, असे विचारल्यावर उत्तर आले, 'सा टाटू.' टाटू म्हणजे तीन. मी दुपारी अडीच वाजता पिशवी घेऊन थांब्यावर हजर झालो. थांबा ओस पडलेला! झाडाखाली बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला समजावले, की बस सकाळी नऊ वाजताच गेली, आता उद्या.

झाले होते असे. विषुववृत्ताजवळ सूर्य बाराही महिने सकाळी सहाच्या सुमारास उगवतो. म्हणून स्वाहिली भाषक दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सात म्हणजे त्यांचा एक आणि आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. आपले पूर्वजही सूर्योदयापासून घटका व प्रहर मोजीत असत, हे मी वर्गात किती वेळा शिकवले होते! पण तेथे ते मला आठवले नाही. मी मनातून चिडलो होतो. 'या लोकांचे घड्याळच चुकीचे,' असे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात त्या गृहस्थांच्या नातीने माझ्यापुढे चहाचा पेला ठेवला आणि मान लववून म्हणाली, 'शिकामो.' वडीलधाऱ्यांना वंदन करण्याचा हा शब्द. 'मी आपले पाय धरते,' असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. त्याला 'मराहाबा' असे उत्तर द्यायचे असते. मी ते दिले आणि माझा राग कोठल्या कोठे गेला. ती रात्र मी त्यांच्याच घरी काढली. मक्याच्या पिठाची 'उगाली' व पालेभाजी यांचे ते जेवण मी विसरलेलो नाही.

शाकाहारी प्रवाशाने भिण्याचे कारण नाही. इथिओपियात अनेक ख्रिस्ती लोक बुधवारी व शुक्रवारी उपवास करतात. त्या दिवशी मांस, दूध व अंडी वर्ज्य असतात. आपल्या आंबोळीसारख्या दिसणाऱ्या 'इंजेरा'वर डाळी व भाज्या वाढलेले ताट तेथे सहज मिळते. ते एकाच ताटातून सर्वांनी उजव्या हाताने खायचे असते. इजिप्त, मोरोक्को अशा देशांत रमजानचा महिना असेल, तर दिवसा चारचौघांत खाणेपिणे टाळावे.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. कोणाचेही छायाचित्र न विचारता काढू नये. परका माणूस येऊन आपल्या दारात बसलेल्या आजीचे चित्र न विचारता काढू लागला, तर आपणांस कसे वाटेल? वन्य पशू पाहताना मोटारीतून उतरू नये, हा जसा नियम, तसाच माणसे पाहताना आपल्या गर्वाच्या गाडीतून खाली उतरावे, हाही नियमच समजावा.

त्या विद्यार्थ्याची वही आज पुन्हा हाती आली, तर मी त्या वाक्याखाली एवढेच लिहीन, 'बाळा, हे वाक्य आपण दोघांनीही पुन्हा लिहिले पाहिजे.'