कमी पैशांतला लघुपट, सातारा-सांगलीच्या मातीत

'गंगाजल'मधलं बिहारचं तेजपूर, 'दबंग'मधलं उत्तर प्रदेशचं लालगंज आणि 'स्वदेस'मधलं चरणपूर ही तिन्ही गावं पाहायची असतील तर साताऱ्याहून वाईची एसटी पकडावी. 'गंगाजल' (२००३), 'स्वदेस' (२००४) आणि 'दबंग' (२०१०) या चित्रपटांचं बरंचसं चित्रीकरण वाई-मेणवलीच्या परिसरात झालं. हिंदीवाल्यांनी कृष्णेचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा इतक्यांदा वापरला, की तिथे कॅमेरा लागला तरी गावकरी आता मान वर करून बघत नाहीत. या सगळ्यात स्थानिकांच्या वाट्याला आलं ते गर्दीत उभं राहण्याचं काम आणि युनिटच्या जेवणाचं कंत्राट.

इथे विचार करायचा आहे तो वेगळ्या सिनेमाचा. दहा-पंधरा जणांनी, उसन्या कॅमेऱ्यावर, सलग सुट्ट्या गाठून उरकलेल्या लघुपटाचा. ऑस्करच्या नियमांनुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो. आपल्याकडे ही मर्यादा महोत्सवागणिक बदलते. पहिलाच प्रयत्न असेल तर पंधरा मिनिटांच्या पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवशिक्याच्या पंचवीस मिनिटांत निदान आठ मिनिटं कुणीतरी बांधावरून नुसतं चालत असतं.

'रेखा' आणि 'कोरी पाटी'

कमी पैशांत काय होऊ शकतं, याची उदाहरणं लांब शोधावी लागत नाहीत. शेखर बापू रणखांबे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले दिग्दर्शक. त्यांचा 'पॅम्प्लेट' २०१८ साली गोव्याच्या इफ्फीमध्ये इंडियन पॅनोरमा विभागात निवडला गेला. पुढच्या 'रेखा'ला ६९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. ते पुरस्कार २०२३ साली जाहीर झाले.

'रेखा'ची गोष्ट दोन-तीन वाक्यांत सांगता येते. रस्त्याकडेला राहणाऱ्या एका बाईला त्वचेचा आजार झालाय. डॉक्टर तिला अंघोळ करून औषध लावायला सांगतात, पण नवरा तिला अंघोळ करू देत नाही. वस्तीतल्या बायकांशी बोलल्यावर तिला कारण कळतं: उघड्यावर राहणाऱ्या बाईचं अंग मळकट असणं हेच तिचं पुरुषांपासूनचं संरक्षण असतं. कागदावर पाहिलं तर या गोष्टीला ना सेट लागतो, ना रोषणाई. साधी बादलीभर पाण्याची मागणी, आणि त्यावर अख्खा लघुपट उभा राहतो. आपण रोज ज्यांच्या बाजूने गाडी काढून पुढे जातो त्यांच्याजवळ थांबणारी नजर मात्र त्याला लागते, आणि ती भाड्याने मिळत नाही.

साताऱ्यात नितीन पवार आणि त्यांच्या 'कोरी पाटी' संस्थेने दुसरी वाट धरली. त्यांची 'गावाकडच्या गोष्टी' ही मालिका थेट यूट्यूबवर आली. खरी गावं, खरी घरं आणि नावाजलेला एकही चेहरा नाही. पुढे त्यांच्याच 'आठवी-अ'ने शाळकरी पोरांपासून त्यांच्या आयांपर्यंत सगळ्यांना मोबाइलपुढे बसवलं. म्हणजे दोन जिल्ह्यांत दोन नमुने उभे आहेत: एक महोत्सवातून राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेलेला आणि दुसरा सरळ प्रेक्षकाच्या हातात पोहोचलेला. यातला कुठला आपला, हे पटकथा लिहितानाच ठरवलेलं बरं. दोन्हींची लांबी, वेग आणि हिशेब पूर्ण निराळा असतो.

कॅमेऱ्याची चिंता शेवटी

नव्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'कॅमेरा कुठला?' बाबूराव पेंटरांनी शेजारच्या कोल्हापुरात कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आज खिशातला फोन त्या यंत्राच्या कितीतरी पुढे आहे. तेव्हा उपकरण नाही ही सबब आता चालत नाही.

फोनवर चित्रीकरण करताना मात्र दोन-तीन गोष्टी सांभाळाव्यात. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट किंवा स्वस्तातल्या एलईडी दिव्याखाली शटर भलत्याच आकड्यावर ठेवलं की पडद्यावर पट्टे सरकू लागतात. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवलं तर ही कटकट बहुतेक मिटते. एक्सपोजर आणि फोकस लॉक करावा, नाहीतर पात्र दारातून आत आलं की चित्र आपोआप उजळतं-काळवंडतं आणि सगळ्याला लग्नाच्या व्हिडिओची कळा येते. माणदेशातल्या दुपारच्या उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या नुसत्या खोबण्या दिसतात. त्यामुळे बाहेरचं काम सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर करावं. दुपारी घरात, दारातून येणाऱ्या उजेडावर. समोरून पांढरं धोतर ताणून धरलं की चेहऱ्याची काळी बाजू उठते.

फुकटात मिळणारं नेपथ्य

एका बाबतीत हे दोन जिल्हे श्रीमंत आहेत. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. धुकं आणि दुष्काळ एकाच दिवसात टिपता येतात. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या, हरिपूरला हळदीची जमिनीखालची पेवं, मिरजेत सतार-तंबोरे घडवणाऱ्यांची गल्ली, सांगलीत १९२९ चा आयर्विन पूल आणि २०१९ च्या महापुराच्या खुणा. यातल्या प्रत्येक जागेला स्वतःची गोष्ट आहे. तरीही नव्या लघुपटांत सारखी दिसते ती कासच्या फुलांवरून उडणाऱ्या ड्रोनची दृश्यं. सुंदर दिसतात खरी, पण गोष्टीचं त्या फुलांशी देणंघेणं काय, हे बहुतेकदा दिग्दर्शकालाही सांगता येत नाही.

नटमंडळी

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवर'मुळे. पण ती परंपरा नुसती पुतळ्यापुरती उरलेली नाही. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका आणि शिवाजी विद्यापीठाचे युवा महोत्सव यांतून दरवर्षी नवी पोरं तयार होतात. पाठांतर चोख, वेळेवर हजर, मानधनाची अपेक्षा माफक. अडचण एवढीच की ती शेवटच्या रांगेसाठी बोलतात आणि कॅमेरा तर दोन हातांवर असतो. नाटकातल्या नटाला 'कमी कर' सांगून फारसं साधत नाही. त्याला हाताला काम द्यावं. शेंगा सोलत किंवा सायकलची चेन बसवत बोलायला लावलं की आवाज आपोआप खाली येतो.

गावातल्या माणसांची तऱ्हा उलटी. पहिल्या टेकला ती अस्सल असतात, चौथ्याला शाळेच्या स्नेहसंमेलनातली होतात. म्हणून त्यांच्याबरोबर तालीम कमी करावी आणि पहिलाच टेक जपावा.

लहान मुलांबाबत कायदा माहीत असायलाच हवा, कारण आपल्याकडच्या निम्म्या गोष्टी शाळकरी पोराभोवती फिरतात. बालकामगारविषयक नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मोबदल्यातली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावी लागते. 'आपलंच पोरगं आहे' हे उत्तर नियमाला पुरत नाही.

ताटांचा हिशेब

सगळे मित्र, सगळे फुकट, असं म्हणून काम सुरू होतं. पण फुकट आलेला माणूस उपाशी राहत नाही. पंधरा जणांचं युनिट आणि तीन दिवसांचं चित्रीकरण धरलं तर दोन वेळची मिळून ९० ताटं होतात. वर ४५ नाश्ते. चहाचा तर हिशेबच नको. कॅमेरा उसना मिळाला की बऱ्याचदा जेवण आणि डिझेल हेच सगळ्यात मोठे खर्च उरतात, आणि नेमके तेच अंदाजपत्रकात नसतात.

गावातल्या महिला बचत गटाला जेवणाची रीतसर ऑर्डर द्यावी आणि पैसे रोजच्या रोज चुकते करावेत. पिठलं-भाकरी, आमटी-भात, सोबत खर्डा. युनिट खूश राहतं आणि गावाशी व्यवहाराचं नातं जुळतं. मग अंगण मागायला गेल्यावर नाही म्हणणारं घर क्वचितच भेटतं. ज्या लघुपटात जेवणाचे पैसे थकतात त्याचं पॅचवर्क करायला त्या गावात पुन्हा पाय ठेवता येत नाही.

आवाजात कंजुषी नको

महोत्सवांच्या निवडीत किती लघुपट चित्रामुळे पडतात आणि किती आवाजामुळे, याची मोजदाद माझ्यापाशी नाही. पण दोन जिल्ह्यांतले पुरेसे लघुपट पाहिलेल्या कुणालाही विचारा, तक्रार आवाजाचीच असते. अंधुक चित्र प्रेक्षक चालवून घेतो. संवाद कळला नाही की उठून जातो.

आपल्या भागात आवाजाचे शत्रू ठरलेले. विहिरीवरची मोटर, पिठाची गिरणी, देवळावरचा कर्णा. आणि गळीत हंगाम असला, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला कारखाने पेटल्यापासून मार्चपर्यंत, तर उसाच्या ट्रॉल्या ओढत, मोठमोठे स्पीकर लावून गाणी वाजवत जाणारे ट्रॅक्टर. एक ट्रॅक्टर फर्लांगभर आधी ऐकू येतो, फर्लांगभर नंतरही ऐकू येत राहतो, आणि तोवर दुसरा आलेला असतो. त्या रस्त्यालगत हळवा प्रसंग ठेवणाऱ्याने नशिबाला दोष देऊ नये.

उपाय अवघड नाहीत. जागा बघायला जाल तेव्हा ज्या वेळी चित्रीकरण आहे त्याच वेळी जा आणि पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. जमवलेल्या पैशांतला पहिला वाटा आवाजाच्या उपकरणांना द्या: एक बरा रेकॉर्डर, बूमवरचा माइक, सदऱ्याच्या आत लावायचे दोन कॉलर माइक. प्रत्येक जागी सगळ्यांनी गप्प उभं राहून अर्धा मिनिट नुसती शांतता ध्वनिमुद्रित करा. संकलनात दोन वाक्यांमधली भोकं तिनेच बुजतात. मागे लोकप्रिय गाणं टाकायचा मोह तर टाळाच. यूट्यूब ते लगेच ओळखतो, आणि महोत्सव हक्कांची कागदपत्रं मागतात. त्यापेक्षा गावातल्या गजनृत्याच्या पथकाचा ढोल, एखाद्या आजीची जात्यावरची ओवी, त्यांची परवानगी घेऊन आणि मानधन देऊन स्वतः मुद्रित करावी.

परवानग्या

सरकारी जागांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो. कोयना, चांदोली, सागरेश्वर असा कुठलाही अभयारण्याचा किंवा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आला की वन विभाग, संरक्षित वास्तू आली की पुरातत्त्व खातं. देवळासाठी देवस्थान ट्रस्ट, खासगी वाड्यासाठी मालक. आणि चित्रीकरण कितीही छोटं असलं तरी ग्रामपंचायतीचं पत्र आणि पोलीस ठाण्याला आगाऊ कल्पना. विशेषतः गोष्टीत भांडण, हत्यार किंवा खाकी वर्दी असेल तर हे विसरू नका.

दाखवायचं कुठे?

परदेशात चाहत्यांच्या मोठ्या मेळाव्यांनी लघुपटांना हक्काची जागा दिली आहे. सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये स्वतंत्र चित्रपट महोत्सव भरतो, अटलांटाच्या ड्रॅगन कॉनमध्ये लघुपटांचा. पोशाख करून, खेळणी विकत घ्यायला आलेली गर्दीच तिथे हौशी दिग्दर्शकाचा प्रेक्षक होते. महोत्सवासाठी म्हणून कुणाला वेगळं यावं लागत नाही.

आपल्याकडे अशी गर्दी यात्रेत जमते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या यात्रांनी टुरिंग टॉकीज जगवल्या. तंबू, ट्रकवरचा प्रोजेक्टर, कर्ण्यावरून पुकारा. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' २०१६ साली कानपर्यंत पोहोचला. तंबू आता जवळजवळ संपले, पण यात्रा तशाच भरतात आणि गर्दीही कमी झालेली नाही.

महोत्सवांना पाठवायचं असेल तर मुंबईचा मिफ, पुण्याचा पिफ, कोल्हापूरचा किफ आणि गोव्याचा इफ्फी यांचे नियम आधी वाचावेत. दर महिन्याला भरणारे, शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही पुरस्कार देणारे ऑनलाइन 'आंतरराष्ट्रीय' महोत्सव टाळावेत. त्या पैशांत दोन दिवसांची जेवणं होतात. महोत्सवात दाखवण्यासाठी सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट मिळते. यूट्यूबला ते लागत नाही. यात्रेत किंवा गणेश मंडळापुढे जाहीर खेळ करायचा तर मात्र ते लागतं. अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावरून करता येतो. जनावरं वापरली असतील तर प्राणी कल्याण मंडळाचे कागद आधीच जमवा, आणि नायकाच्या तोंडी उगाच बिडी देऊ नका. तिच्यासोबत तंबाखूविरोधी इशारे येतात.

यात्रा समित्यांना आणि गणेश मंडळांना एक विनंती: ऑर्केस्ट्राच्या एका रात्रीऐवजी एक संध्याकाळ आपल्या तालुक्यातल्या पोरांच्या लघुपटांना द्या. पडदा आणि प्रोजेक्टर सांगली-साताऱ्यात भाड्याने मिळतो, स्पीकर तर तुमच्याकडे आहेतच.