थेट आंबा विक्रीसाठी बागायतदाराचे शैलीपत्रक

कोकणातील अनेक बागायतदार हापूस आंबा बाजार समितीत पाठविण्याबरोबरच थेट ग्राहकालाही विकतात. त्यासाठी व्हॉट्सॲप, फेसबुक व इन्स्टाग्राम या समाजमाध्यमांचा मोठा उपयोग होतो. मोहोर संरक्षण, काढणी व प्रतवारी याबाबत आपण काटेकोर असतो; परंतु मोबाईलवरून ग्राहकाला काय, कसे व कोणी लिहावे याबाबत बहुतेक ठिकाणी काहीच ठरलेले नसते.

याचा फटका आमच्या घरच्या बागेलाही बसला. एका हंगामात थोरल्या भावाने पेटीचा भाव कळविला, तर पुतण्याने त्याच दिवशी डझनाचा. एका ग्राहकाने हिशेब करून विचारले, ‘यातला खरा भाव कोणता?’ दोन्ही खरे होते. एक मोठ्या फळाचा होता, दुसरा मध्यम फळाचा; पण तसे कुठेच लिहिलेले नव्हते. अनेक वर्षांचे ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही. दोष फळात नव्हता, लिखाणात होता.

शैलीपत्रक म्हणजे काय?

आपल्या मालाची जाहिरात व ग्राहकाशी होणारा पत्रव्यवहार नेहमी एकाच पद्धतीने व्हावा म्हणून ठरविलेल्या नियमांचा लेखी कागद म्हणजे शैलीपत्रक. मोठ्या कंपन्यांची अशी पत्रके जाडजूड असतात. बागायतदाराला वहीची दोन पाने पुरेशी आहेत. त्यात पुढील बाबींचा समावेश करावा.

१) नाव व चिन्ह : बागेचे नाव एकदाच ठरवून पेटी, पावती व समाजमाध्यमे या सर्व ठिकाणी त्याच अक्षरांत लिहावे. कुठे ‘आंबेवाले’, कुठे ‘मँगो फार्म’ असे करू नये. ‘हापूस’ हे सर्वांचे नाव आहे. ओळख आपल्या स्वतःच्या नावाने होते. हे नाव व्यापारचिन्ह कायदा, १९९९ अन्वये नोंदविता येते. ताज्या फळांसाठी वर्ग ३१ मध्ये अर्ज करावा. नोंदणी १० वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते.

२) रंग व अक्षरे : दोनच रंग निवडावेत, उदा. पानाचा गडद हिरवा व फळाचा केशरी-पिवळा. पिवळ्या फळाच्या छायाचित्रावर पांढरी अक्षरे वाचता येत नाहीत, तेथे गडद रंग वापरावा. मजकुरासाठी ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ यांसारखा मोफत मिळणारा युनिकोड टंक घ्यावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकातील मजकूर मोबाईलवर नीट उमटत नाही.

३) छायाचित्रे : आपल्याच बागेतील फळाची, शक्यतो सकाळच्या उजेडात घेतलेली छायाचित्रे वापरावीत. इंटरनेटवरील चित्र उचलू नये. नूतन झेल्याने देठासह होणारी काढणी, प्रतवारी, आढीतील फळे अशी कामाची चित्रे दाखवावीत. रंग गडद करणाऱ्या सोयी वापरू नयेत. चित्रात केशरी दिसलेले फळ हातात हिरवट आले की ग्राहकाला फसवणूक वाटते. फळ कच्चे पाठवीत असल्यास तसे चित्राखालीच लिहावे.

४) भाव व माप : प्रत्येक जाहिरातीत एका फळाचे वजन (उदा. २५० ते ३०० ग्रॅम), पेटीतील डझन, पेटीचा भाव, वाहतूक खर्च व भाव कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे, या पाच गोष्टी याच क्रमाने लिहाव्यात. नुसते ‘मोठे फळ’ असे लिहू नये.

५) भाषा : ग्राहकाला नेहमी ‘आपण’ संबोधावे. वाक्ये लहान ठेवावीत. ‘शेवटची संधी’, ‘जगात एक नंबर’ असे शब्द टाळावेत. टाळावयाच्या शब्दांची यादी पत्रकातच द्यावी.

६) दावे : हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांसाठी आहे. मानांकनाचा उल्लेख अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्यानेच करावा. दुसऱ्या गावचा माल आपल्या गावच्या नावाने विकू नये. ‘सेंद्रिय’ हा शब्द प्रमाणपत्र असेल तरच वापरावा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. त्यामुळे ‘कार्बाइडमुक्त’ अशी शेखी मिरविण्यापेक्षा फळ आढीत कसे पिकविले ते सांगावे. आंबा खाल्ल्याने अमुक रोग बरा होतो असे कदापि लिहू नये. खाद्यपदार्थाबाबत असे दावे करण्यास मनाई आहे.

७) तक्रारीचे उत्तर : साका बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तक्रार येणारच. उत्तराचा मसुदा आधीच तयार ठेवावा, उदा. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. कापलेल्या फळाचे छायाचित्र पाठवावे. तितकी फळे पुढील पेटीत भरून देऊ.’ उत्तर त्याच दिवशी द्यावे व दिलेला शब्द पाळावा. जाहीर वाद घालू नये.

८) जबाबदारी : जाहिरात कोणी टाकावी व भाव कोणी ठरवावा त्यांची नावे लिहावीत. पैसे भरण्याचा एकच क्रमांक ठरवावा व तो प्रत्येक जाहिरातीत द्यावा. आपली छायाचित्रे चोरून कोणी खोट्या खात्यावरून आगाऊ रक्कम मागितल्यास, ठरलेल्या नावाशी व क्रमांकाशी ताडून पाहून ग्राहकाला फरक ओळखता येतो.

केव्हा तयार करावे?

काढणीच्या धांदलीत हे काम होत नाही. पावसाळ्यात घरातील सर्वांनी एकत्र बसून गेल्या हंगामातील संदेश वाचावेत, ग्राहकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न टिपावेत व त्यावरून पत्रक लिहावे. एक प्रत आंबा भरण्याच्या जागी लावावी व एक प्रत प्रत्येकाच्या मोबाईलवर ठेवावी. दरवर्षी हंगाम संपल्यावर त्यात सुधारणा करावी.

शैलीपत्रकाने फळाची गोडी वाढत नाही. परंतु पेटी उघडल्यावर ग्राहकाला जे दिसते तेच त्याला आधी सांगितलेले असेल, तर तो पुढच्या वर्षी आपणहून मागणी नोंदवितो. थेट विक्रीत बागायतदाराचा खरा नफा या परत येणाऱ्या ग्राहकातच आहे.