गाडीवरचा ओरखडा

सोयाबीनच्या हंगामात रिसोडच्या किंवा कारंजाच्या बाजार समितीसमोर तुम्ही कधी गेला आहात का? ट्रॅक्टर, ऑटो, मोटारी आणि मोटारसायकली तेथे अगदी चिकटून उभ्या असतात. कोणी गाडी मागे घेतो, कोणाची ट्रॉली वळते आणि एखाद्या मोटारीच्या बंपरवर किंवा आरशाच्या रंगीत कव्हरवर पांढरट पट्टा उमटतो. मालक धावत येतो आणि खिशातला रुमाल काढून तो पट्टा जोरजोराने पुसू लागतो. नेमके हेच करायचे नसते. का, ते या पाठात पाहू.

आपण घरी ज्याला ‘खरोंच’ म्हणतो, त्याला मराठीत ‘ओरखडा’ म्हणतात. परंतु गाडीवर दिसणारी प्रत्येक रेघ ओरखडा नसते. पुष्कळदा आपल्या गाडीचा रंग गेलेलाच नसतो; उलट, दुसऱ्या गाडीचा रंग, भिंतीचा चुना किंवा टायरचे रबर आपल्या गाडीवर येऊन चिकटलेले असते. ओरखड्यात काहीतरी कमी होते, डागात काहीतरी जास्त होते. दोन्हींवर उपाय वेगळे.

हे समजण्यासाठी रंगाचे थर माहीत हवेत. मोटारीच्या पत्र्यावर प्रथम प्राइमर असतो. तो गंजापासून संरक्षण करतो आणि रंगाला धरून ठेवतो. त्यावर रंगाचा थर. बहुतेक नव्या गाड्यांवर त्याच्याही वर काचेसारखा पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक दिसते ती याची. आपल्या विदर्भातल्या उन्हापासून खालच्या रंगाला वाचवतो तोही हाच. आणि याची जाडी किती? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या वहीचा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सारी चमक वहीच्या अर्ध्या कागदाएवढ्या थरावर अवलंबून आहे! प्रत्येक घासणीत त्यातला थोडा भाग निघून जातो आणि तो परत येत नाही. तो फार पातळ झाला की काही उन्हाळ्यांत पांढरे चट्टे पडतात. जुन्या गाड्यांच्या छपरावर ते तुम्ही पाहिले असतील.

आता त्या रुमालाकडे वळू. रुमाल मऊ असतो, पण गाडीवरची धूळ मऊ नसते. तिच्यात वाळूचे आणि मुरमाचे बारीक, कठीण कण असतात. कोरड्या कापडाने पुसले की हेच कण रंगावर फिरतात आणि एका पट्ट्याच्या जागी शंभर रेघा उमटतात.

म्हणून पहिले काम धुण्याचे. गाडी सावलीत घ्या, पत्रा थंड होऊ द्या. दोन बादल्या घ्या, एकीत गाडी धुण्याचा शाम्पू आणि दुसरीत कापड खळबळण्यासाठी साधे पाणी. पाण्याची टंचाई असेल तर अर्ध्या अर्ध्या बादलीतही भागते. कपडे धुण्याची पावडर मात्र वापरू नका. तिने गाडीवरचे मेण निघून जाते.

जागा कोरडी झाली की तीन गोष्टी तपासा. पट्ट्याचा रंग कोणता आहे? तो परका असेल तर डाग असण्याचा संभव जास्त. नंतर बोटाचे नख रेघेवर आडवे, हळूच फिरवा. नख अडखळले तर ओरखडा खोल आहे. शेवटी त्या जागेवर पाण्याचे बोट फिरवा. रेघ ओली असताना नाहीशी झाली आणि वाळल्यावर पुन्हा दिसली, तर ती फक्त वरच्या पारदर्शक थरात आहे. याचे कारण तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. खडबडीत जागेवरून प्रकाशाचे अनियमित परावर्तन होते, म्हणून रेघ पांढरी दिसते. पाण्याने ती खाच भरली की पृष्ठभाग तेवढ्यापुरता सपाट होतो.

चिकटलेला डाग असेल तर मऊ कापडावर थोडे स्पिरिट घ्या, जखम पुसायला वापरतात तेच, आणि हलक्या हाताने पुसा. आधी कोठेतरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. अनेक जण येथे थिनर वापरतात. मला ते पसंत नाही, आणि त्यामागे थोडा इतिहास आहे. पूर्वी मोटारींना ब्रशने रंग देत आणि तो वाळायला कित्येक दिवस लागत. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीने ‘ड्यूको’ नावाचा लवकर वाळणारा रंग आणला. १९२४ च्या ओकलंड मोटारींना तो दिलेला होता. आपल्याकडचे जुने कारागीर फवाऱ्याच्या रंगकामाला आजही ‘ड्यूको’ म्हणतात. हा रंग त्यातला द्रव उडून गेल्याने वाळत असे. म्हणून थिनर लावताच तो पुन्हा विरघळे, जसा गूळ पाण्यात विरघळतो. आजच्या कारखान्यातला रंग मात्र रासायनिक क्रियेने पक्का होतो. पोळी भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही, तसे. पण आपल्या गाडीचा बंपर मध्येच कोणी साध्या रंगाने रंगवून दिला असेल, तर ते आपल्याला कसे कळणार? थिनरला मात्र लगेच कळते. शिवाय बंपर प्लास्टिकचा असतो, आणि काही प्लास्टिक थिनरने मऊ पडते.

रेघ पारदर्शक थरातच असेल तर रबिंग कंपाउंड उपयोगी पडते. त्यात अतिशय बारीक घर्षक कण असतात. ते खाच भरत नाहीत. खाचेच्या कडा झिजवून पृष्ठभाग एकसारखा करतात. हरभऱ्याएवढे कंपाउंड ओलसर कापडावर घ्या, तळहाताएवढ्याच जागेवर फिरवा, पुसा, बघा. रेघ पुसट झाली की थांबा. ती पूर्ण नाहीशी करण्याचा हट्ट धरला की थर संपतो. कोपरे आणि कडा यांवर रंग आधीच पातळ असतो, तेथे तर फारच जपून. घासताना कापडावर गाडीचाच रंग येऊ लागला, तर पारदर्शक थर संपला आहे किंवा मुळातच नव्हता. हात तेथेच थांबवा. रंग न दिलेल्या काळ्या प्लास्टिकला कंपाउंड लागू देऊ नका, त्यावर पांढरे डाग राहतात. शेवटी मेणाचा पातळ हात द्यावा. टूथपेस्टनेही रेघ जाते, असे लोक सांगतात. बारीक रेघ जाते, हे खरे. पण कोणत्या पेस्टमध्ये कण किती भरड आहेत, हे डबीवर लिहिलेले नसते.

नख अडखळत असेल, तर घासण्यात अर्थ नाही. बंपरवरचा असा ओरखडा फक्त दिसायला वाईट. प्लास्टिक गंजत नाही, त्यामुळे सवडीने बघता येते. पत्र्यावर मात्र चमकता धातू दिसत असेल तर पावसाळ्याआधी टच-अप रंग लावून घ्या. गंज रंगाच्या आतून पसरतो आणि वर फोड येईपर्यंत दिसत नाही.

संपूर्ण भाग रंगवायचा असेल तर ते काम डेंटिंग-पेंटिंगवाल्यांचे. तुमच्यापैकी काहींचे भाऊ अशा गॅरेजमध्ये काम करत असतील. त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. पारदर्शक थरात मिसळतात त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. फवारताना ती श्वासात गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वाफेनेही त्रास होतो. तोंडाला बांधलेल्या रुमालातून ही वाफ सहज आत जाते. त्यासाठी हवा पुरवणारा किंवा योग्य फिल्टरचा मुखवटा लागतो आणि जागा मोकळ्या हवेची लागते. फवारा चालू असताना तुम्हीही दारात उभे राहू नका. गाडी वाळली की मग बघायला जा.