झुरळे झाडाची नव्हेत, चेंबरची

मेअखेरीला वळवाचा एखादा दमदार पाऊस झाला, की अहिल्यानगर जिल्ह्याच्या उसाच्या पट्ट्यात, राहुरी-श्रीरामपूर-नेवाशाकडे, दिवेलागणीला लोक बॅटऱ्या घेऊन कडुनिंबाखाली नि बाभळीखाली जमतात. आकडीने फांद्या हलवायच्या, खाली पडलेले हुमणीचे भुंगेरे वेचायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. हे भुंगेरे जमिनीतून निघून पाला खायला झाडावर येतात, पुन्हा जमिनीत अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या पुढे उसाची मुळे कुरतडतात. तिथे झाडाला धरणे अगदी रास्त आहे.

घोटाळा होतो तो अंगणातल्या झाडापाशी. रात्री आंब्याच्या किंवा नारळाच्या बुंध्यावर उजेड टाकावा, तर दीड इंच लांबीची तांबूस झुरळे पाराच्या भेगांत सुर्रकन पसार होतात. लगेच निष्कर्ष निघतो, ‘झाडाला झुरळे लागली.’ दुसऱ्या दिवशी बुंध्यावर फिनेल ओतले जाते, कुणी जळके ऑइल फासते, कुणी पाचोळ्याला काडी लावते. साल भाजते, मुळांना इजा होते, आणि झुरळे चार दिवसांत परत हजर.

कारण झुरळाला हिरव्या झाडात फारसा रस नसतो. त्याला लागतो अंधार, ओल आणि अंग दोन्ही बाजूंनी टेकेल अशी फट. खायला कुजका पाला, पडकी फळे, कुत्र्याच्या थाळीतला उरलेला भाकरीचा तुकडा, काहीही चालते. अंगणातला बुंधा हे सगळे एका जागी पुरवतो. पाराच्या दगडांत भेगा असतात, पाराला टेकून विटांचा ढीग नाहीतर बंबाचे सरपण रचलेले असते, आणि आळ्यात रोज पाणी पडते.

नगरच्या हवेत या रोजच्या पाण्याला फार महत्त्व आहे. जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणप्रवण. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो, जमीन भेगाळते आणि मैलभर ओल दिसत नाही. अशा वेळी घरामागचे भिजलेले आळे हीच किड्यामुंग्यांची पाणपोई. पुढे पावसाळ्यात उलटे घडते. सांडपाण्याची गटारे तुंबतात, चेंबर भरतात आणि आत मुक्कामाला असलेली झुरळे जीव वाचवायला वर येतात. चेंबरच्या झाकणापासून चार हातांवर झाड असेल, तर त्यांचा पहिला थांबा ठरलेला. म्हणून बुंध्याशी झुरळे दिसली, की नजर आधी झाडाच्या शेंड्याकडे नको, चेंबरच्या झाकणाच्या कडेकडे हवी.

ही मोठी तांबूस झुरळे म्हणजे बहुतेक वेळा ‘अमेरिकन’ झुरळ. नाव अमेरिकेचे असले तरी मूळ आफ्रिकेतले. जहाजांच्या पोटात बसून ते जगभर पोहोचले. त्याची मादी अंडी सुटी टाकत नाही. काळपट तपकिरी रंगाची, घेवड्याच्या दाण्याएवढी एक डबी ती फटीत चिकटवून जाते आणि त्या एका डबीत चौदा-सोळा अंडी असतात. साधारण दीड महिन्याने पिल्ले निघतात, त्यांना वयात यायला सहा महिन्यांपासून वर्षभर लागते. म्हणजे आज दिसणारी सगळी मेली, तरी भेगेतल्या डब्या पुढच्या महिन्यात उघडणारच. एका फवारणीत अंगण ‘साफ’ का होत नाही, याचे उत्तर या डबीत आहे.

प्रत्येक झुरळाला एकाच मापाने मोजणेही बरोबर नाही. जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या माणसाच्या घराशी संबंध ठेवणाऱ्या तीसेक. बाकीच्या रानात पाचोळा कुजवण्याचे काम करतात. दक्षिण भारतातल्या झुडपी रानात काळ्या पाठीवर पांढरे ठिपके असलेले एक देखणे झुरळ आढळते. एका विषारी फवारा उडवणाऱ्या भुंगेऱ्याची ते नक्कल करते, त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. अशी जात पाल्यात सापडली तर तिला सोडून द्यावे. तिला तुमच्या स्वयंपाकघराशी देणेघेणे नाही. ज्याला आवरायचे, ते गटारातून येऊन ओट्यावर जाणारे. त्याच्या पायांना चिकटून जंतू येतात, आणि त्याच्या विष्ठेचे, कातीचे कण दमेकऱ्यांना त्रास देतात.

खरा धोका मात्र झुरळापेक्षा त्याच्यावरच्या इलाजात असतो. शेतकऱ्याच्या घरी कोपऱ्यात उरलेल्या कीटकनाशकाची बाटली असतेच. तीच पंपात ओतून अंगणात फवारली जाते, जिथे पोरे खेळतात, गावरान कोंबड्या पाचोळा उकरतात आणि लिंबे खुडून थेट घरात येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. तेही उघड्या रानात. पिकासाठीचे औषध घराभोवती वापरू नये, हे सांगायला याहून मोठा दाखला नको. ‘नुवान’ या नावाने घराघरांत माहीत असलेल्या डायक्लोरव्हॉसवर केंद्र सरकारने २०१८ मध्ये बंदीचा आदेश काढला आणि २०२० संपताना त्याचा वापर बंद झाला. जुनी बाटली सापडली, तर ‘संपवून टाकू’ म्हणून ती झाडाखाली रिकामी करू नये.

बोरिक पावडरीचेही तसेच. घरात, कपाटामागच्या कोरड्या फटीत ती उपयोगी पडते. बुंध्याभोवती शिंपडली, तर पाण्याबरोबर मुळांशी उतरते. झाडाला बोरॉन लागतो, पण अगदी कणभर; जास्त झाला की पानांच्या कडा करपतात. लिंबूवर्गीय झाडे याबाबतीत जास्तच नाजूक. श्रीगोंदा-कर्जतकडे, जिथे लिंबाच्या बागा हेच अनेक घरांचे उत्पन्न, तिथे हे ध्यानात ठेवलेले बरे.

मग करायचे काय? सुरुवात पाहणीपासून. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन झुरळे कुठून निघतात आणि कुठे शिरतात, एवढेच बघायचे. मोजदादीसाठी काचेची बरणी पुरते. आतल्या काठाला व्हॅसलिनचा हात फिरवायचा, तळाशी पिकल्या केळ्याचा तुकडा टाकायचा, वर चढता यावे म्हणून बाहेरून कागद गुंडाळायचा आणि बरणी बुंध्याला टेकवून ठेवायची. आत पडलेले झुरळ निसरड्या काठावरून बाहेर येत नाही. सकाळी साबणाच्या पाण्यात टाकले की संपले. एक बरणी बुंध्याशी, एक चेंबरजवळ, एक मोरीच्या बाहेर ठेवली, तर माल कुठून येतो ते दोन-तीन रात्रींत कळते. चिकट सापळे मात्र उघड्यावर लावू नयेत. त्यांत पाली, सरडे, कधी चिमण्याही अडकतात.

त्यानंतरचे काम झाडलोटीचे. सरपण आणि विटा झाडापासून दूर, जमिनीपासून थोड्या वर रचाव्यात. पडलेली फळे संध्याकाळीच उचलावीत. उसाचे पाचट किंवा पालापाचोळा आच्छादन म्हणून जरूर घालावा, नगरच्या उन्हात तो हवाच. पण थर दोन इंचांचा आणि खोडापासून वीतभर लांब. पाणीही खोडाशी न ओतता आळ्याच्या कडेने, आणि सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत वरचा थर सुकतो. लिंबाला याचा दुहेरी फायदा. खोडाशी सतत ओल राहिली की डिंक्या रोग बळावतो, हे बागायतदारांना नव्याने सांगायला नको. नारळाच्या वाळक्या झावळ्या वेळेवर उतरवाव्यात. शेंड्यातल्या त्या जुडग्यात झुरळे मजेत राहतात. घराला टेकलेली फांदी छाटावी, कारण ती त्यांची छपरावर जायची वाट.

चेंबरच्या झाकणाची फट सिमेंटने किंवा रबराने बंद करावी, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. एवढे करूनही संख्या हटत नसेल, तर झुरळे मारायचे जेल वापरावे, तेही बंद डबीत, चेंबरच्या आतल्या कडेला किंवा भिंतीच्या फटीत; झाडावर किंवा मातीत नाही. जेल लावले त्या जागी फवारा मारू नये. फवाऱ्याच्या वासाने झुरळ जेलकडे फिरकत नाही, आणि दोन्हीचा खर्च वाया जातो. कोणतेही औषध घेताना डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरव्यालाही हातमोजे लागतातच.

फवारा टाळायचे आणखी एक कारण आहे. अंगणात झुरळांचे वैरी आधीपासून कामाला असतात. पाली, बेडूक, चिचुंद्री, भारद्वाज तर आहेतच. शिवाय हिरव्या-निळ्या चकाकीची, तांबड्या मांड्यांची एक गांधीलमाशी आहे. ती झुरळाच्या मेंदूत नेमकी नांगी मारते. झुरळ मरत नाही, पण त्याची पळायची इच्छाच जाते. मग माशी त्याची मिशी धरून त्याला बिळाकडे नेते, त्याच्या अंगावर अंडे घालते आणि बीळ बुजवते. अळी त्याला आतून खाऊन मोठी होते. १९४१ मध्ये हवाई बेटांवर ही माशी मुद्दाम सोडली होती, पण झुरळे आटोक्यात आली नाहीत. म्हणून एकट्या तिच्या भरवशावर राहता येत नाही. तरी फुकट मिळालेली ही मदत विषाने मारण्यात काय शहाणपण?

पाराची दुरुस्ती पावसाळ्याआधीच उरकावी. भेगांतल्या डब्या जुन्या ब्रशने खरवडून काढून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात आणि मगच भेगा भराव्यात. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा एकदा बरणी लावून बघावे. राहिलेल्या डब्या फुटल्या असतील तर छोटी पिल्ले तिच्यात सापडतात. खोडात ढोली असेल तर तिच्यात सिमेंट कोंबू नये, आत ओल अडकून लाकूड कुजते. त्या ढोलीत पिंगळा राहत असेल तर तिला हातच लावू नये. रात्री तो किडेच वेचतो.