अडकलेला अर्ज आणि परमादेश : न्यायालय नेमकं काय करतं?



नागरिकशास्त्रात न्यायमंडळ शिकवताना आपण पाच रिट फळ्यावर लिहितो : बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, प्रतिषेध, उत्प्रेक्षण आणि अधिकारपृच्छा. मुलं नावं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पण यातला परमादेश आपल्या रत्नागिरीतल्या कितीतरी घरांच्या उपयोगाचा आहे. आखातात नोकरीला, बोटीवर किंवा शिकायला परदेशी जाणारं कोणी ना कोणी आपल्या ओळखीत असतंच. पासपोर्ट अडकला की नोकरीचं पत्र हातात असूनही माणूस घरी बसतो. मग कोणी एजंट गाठतं, कोणी वरची ओळख शोधतं आणि कोणी सांगतं, "कोर्टात जा, लगेच मिळेल." हे शेवटचं वाक्य अर्धंच खरं आहे. ते कुठवर खरं, ते आज समजून घेऊ.

परमादेश म्हणजे काय?

कायद्याने एखादं काम अधिकाऱ्यावर सोपवलं आहे आणि तो ते करत नाही, तेव्हा "तुमचं कर्तव्य पार पाडा" असा न्यायालयाने दिलेला हुकूम म्हणजे परमादेश. राज्यघटनेच्या कलम ३२ नुसार मूलभूत हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. कलम २२६ नुसार उच्च न्यायालयात जाता येतं, तेही मूलभूत हक्कांसोबत इतर कायदेशीर हक्कांसाठीसुद्धा.

मुलांना शाळेतलंच उदाहरण द्या. पेपर तपासणं हे बाईंचं काम. ते रखडले तर मुख्याध्यापक म्हणू शकतात, "आठ दिवसांत तपासून द्या." पण "याला पैकीच्या पैकी द्या" असं ते म्हणू शकत नाहीत. न्यायालयही साधारण तसंच वागतं. निर्णय घ्यायला लावतं, तो बहुधा स्वतः घेत नाही.

पासपोर्ट हा हक्क कसा झाला?

पासपोर्ट कोणाला द्यायचा आणि कोणाला नाकारायचा, हे सांगणारा कायदा १९६७ पर्यंत आपल्याकडे नव्हता. सगळं सरकारच्या मर्जीवर चालायचं. सतवंत सिंग सॉहनी या व्यावसायिकाला पासपोर्ट परत करायला सांगितलं गेलं, तेव्हा ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १० एप्रिल १९६७ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल लागला : परदेशी जाणं हा कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधीच असं मत दिलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला.

पुढचं प्रकरण मनेका गांधींचं. जुलै १९७७ मध्ये 'सार्वजनिक हितासाठी' पासपोर्ट जमा करा, असं पत्र त्यांना आलं. त्यांनी कारण विचारलं, तर सरकारने ते सांगायला नकार दिला. २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, की नुसती कायद्यातली पद्धत पाळून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. माणसाला आपली बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे. आता गंमत बघा. इतका गाजलेला निकाल, पण न्यायालयाने त्यांचा पासपोर्ट त्यांच्या हातात दिला नाही! त्यांचं म्हणणं ऐकून घेऊ, असं आश्वासन सरकारने दिलं आणि न्यायालयाने औपचारिक आदेश न देता अर्ज निकाली काढला.

कोर्टाच्या आधीच्या पायऱ्या

१. अर्ज का अडकला ते शोधा. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांत नाव किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर शंका निघते. इथे आपली जबाबदारी मोठी आहे. जनरल रजिस्टरमधली एक चुकीची नोंद मुलाला वीस वर्षांनी नडू शकते.

२. लेखी विचारा. पासपोर्ट नाकारला तर कारणं नोंदवून मागितल्यावर त्याची प्रत द्यावी, असं पासपोर्ट कायदा सांगतो. देशाची सुरक्षा वगैरे मोजके अपवाद आहेत. नुसताच उशीर होत असेल तर माहितीच्या अधिकारात 'माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली?' असं विचारा. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

३. नकाराविरुद्ध याच कायद्याच्या कलम ११ मध्ये अपिलाची सोय आहे.

४. फौजदारी खटला चालू असेल तर आधी त्याच न्यायालयाची परवानगी मागावी लागते. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेत ही वाट दिली आहे.

एवढं करूनही हालचाल नसेल तर उच्च न्यायालय. "तुम्ही आधी मागणी केली होती का?" हा प्रश्न तिथे येतोच, म्हणून प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवा.

रत्नागिरीकरांना यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि आपला जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

अमेरिकेतल्या आपल्या माणसांचं काय?

तिथेही हाच मार्ग आहे. ग्रीन कार्डाचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज रखडला, तर केंद्रीय जिल्हा न्यायालयात सरकारी यंत्रणेविरुद्ध दावा लावता येतो. आधार दोन कायद्यांचा : अवाजवी विलंबाविरुद्ध दाद देणारा १९४६ चा प्रशासकीय कार्यपद्धती कायदा आणि परमादेशाचा १९६२ चा कायदा. नागरिकत्वाच्या मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय झाला नाही, तर न्यायालय स्वतःसुद्धा निर्णय देऊ शकतं. हा महत्त्वाचा अपवाद आहे.

मर्यादाही तेवढ्याच ठळक आहेत. एका देशाच्या लोकांना वर्षाच्या ठरावीक ग्रीन कार्डांपैकी साधारण ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. भारतीयांची लांबलचक रांग मुख्यतः यामुळे आहे. ही मर्यादा कायद्यातलीच आहे, त्यामुळे दावा लावून रांगेत पुढे जाता येत नाही. परदेशातल्या दूतावासाने व्हिसा नाकारला, तर तिथली न्यायालयं सहसा त्यात पडत नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. आणि दाव्यामुळे निर्णय लवकर आला, तरी तो नकाराचा असू शकतो. म्हणून "कोर्टातून नक्की काढून देतो" असं म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देण्याआधी दहादा विचार करा आणि जाणकार वकिलाला विचारा.

वर्गात करून बघा

मुलांचे गट करा आणि तीन प्रसंग द्या. परमादेश कुठे उपयोगी पडेल, ते कारणासह सांगायला लावा.

अ) सगळी कागदपत्रं बरोबर आहेत, तरी वर्षभर अर्जावर काहीच निर्णय नाही.
आ) अर्जातली जन्मतारीख दाखल्याशी जुळत नाही.
इ) कारण न सांगता अर्ज फेटाळला आहे.

'आ' वर चर्चा जास्त रंगेल. तिथे अधिकाऱ्याचं काम अडलेलं नसून आपला कागद चुकला आहे, हे मुलांच्या लक्षात आलं की पाठ समजला. आठवीच्या मुलांना पालकांसोबत घरच्या सगळ्या दाखल्यांवरची नावं ताडून बघायला सांगा. हा गृहपाठ पुढे खरोखर कामी येईल.