जावा वेब-प्रणालीतील फाइलींचा स्वीकार व जतन

प्रवेश-अर्जासोबत विद्यार्थी आपले गुणपत्रक संगणकाद्वारे पाठवितो, तेव्हा ती फाइल कशी स्वीकारावी व कोठे ठेवावी हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. वस्तुतः अपरिचिताने दिलेली वस्तू आपल्या संग्रही घेण्याचाच हा प्रकार असल्याने त्याचा साक्षेपाने विचार होणे अगत्याचे आहे.

ब्राउझरमधून फाइल पाठविण्याची रीत १९९५ साली ‘आरएफसी १८६७’ या मसुद्याने मांडली. तीनुसार अर्जातील प्रत्येक रकाना व प्रत्येक फाइल हा एकेक ‘भाग’ समजला जातो आणि दोन भागांमध्ये सीमादर्शक ओळ घातली जाते. हे भाग विलग करण्याची सोय जावाच्या सर्व्हलेट-मानकात प्रारंभी नव्हती. त्यासाठी कॉमन्स फाइलअपलोडसारख्या स्वतंत्र लायब्ररीचा आधार घ्यावा लागे. डिसेंबर २००९ मधील सर्व्हलेट ३.० ने ही उणीव दूर केली. मात्र कमाल आकार सांगितला नाही, तर या मानकानुसार तो अमर्याद मानला जातो. अशा स्थितीत एकच अवाढव्य फाइल सर्व्हरची डिस्क भरून टाकू शकेल.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. फाइलचे नाव व प्रकार पाठविणाराच सांगतो. सबब ती विधाने होत, पुरावे नव्हेत. नावात ‘../’ ही चिन्हे घालून फाइल भलत्याच ठिकाणी लिहविता येते. डिसेंबर २०२३ मध्ये अपाचे स्ट्रट्समध्ये उघडकीस आलेला दोष याच जातीचा होता. प्रकाराची शहानिशा आरंभीच्या बाइटांवरून करावी. उदाहरणार्थ, जेपेग चित्राचे पहिले दोन बाइट २५५ व २१६ असतात. परंतु एवढ्याने निर्धास्त होता येत नाही, कारण पुढील मजकूर काहीही असू शकतो. जेएसपी फाइल प्रकट फोल्डरात पडली, तर सर्व्हर ती आज्ञावली म्हणून चालवील. म्हणून फाइल त्या फोल्डराबाहेर, स्वतः निर्मिलेल्या यादृच्छिक नावाने ठेवावी. मूळ नाव केवळ डेटाबेसात नोंदवावे आणि मागणाऱ्याचा अधिकार तपासूनच ती परत द्यावी.

शेवटी क्रमाविषयी. आधी फाइल लिहावी, मग नोंद करावी. नोंद फसली, तर उरते ती एक बेवारस फाइल. ती यथावकाश काढून टाकता येते. क्रम उलटा झाल्यास नोंद राहते व गुणपत्रक नाहीसे होते. पहिल्या चुकीची किंमत थोडीशी जागा, तर दुसरीची एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश होय.